पेटंट ऑफिस ते रणांगण

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. मराठीच्या पेपरात मला पत्रलेखनाच्या पुढे कधी काही जमलं नाही. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या फ्लोअरवरच्या मुली हसणार हे मला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलं आहे, उरलेल्या चुका माझ्या.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. ताई बी.कॉम. झालेली. पाच वर्षं एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघत होती. पगार बरा, नोकरी पक्की. मागच्या वर्षी आमची आजी आजारी पडली. तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं ताईने केलं. आजी गेली. मग एक दिवस ताईने घरात जाहीर केलं की ती नोकरी सोडून जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स करणार. म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, भरवणं, चादर बदलणं, कुशीवर वळवणं. डॉक्टर नाही, नर्ससुद्धा नाही. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते विचारू नका! सगळ्यांचं म्हणणं एकच, की इतकी वर्षं शिकलीस, नोकरी केलीस, ते सगळं पाण्यात घालणार का? मावशीचा मला फोन आला. तू इंजिनिअरिंग करतेस, तुझं ती ऐकेल, तूच समजाव असं तिचं म्हणणं पडलं.

समजवायचं तर मुद्दे हवेत. म्हणून मी लायब्ररीत जाऊन बसले (तेही सबमिशनच्या आठवड्यात!) आणि अर्ध्यात करिअर बदललेल्या लोकांची चरित्रं चाळायला लागले. त्यात क्लारा बार्टन हे नाव समोर आलं. अमेरिकन रेड क्रॉसची संस्थापक, एवढं जी.के.च्या पुस्तकात पाठ केलेलं होतं. त्याआधी ही बाई काय करत होती ते मात्र कुठेच वाचलं नव्हतं. मुद्दे शोधायला गेले होते ताईच्या विरुद्ध, आणि झालं भलतंच.

क्लाराचा जन्म १८२१ सालचा, २५ डिसेंबरचा, म्हणजे बरोब्बर नाताळचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थ ऑक्सफर्ड नावाच्या गावात शेतकरी घरात ती जन्मली. पाच भावंडांत ती शेंडेफळ, आणि तिच्या वरच्या बहिणीत आणि तिच्यात जवळजवळ दहा वर्षांचं अंतर. त्यामुळे घरात सगळेच तिचे मास्तर. कोणी गणित शिकवलं, कोणी स्पेलिंग, आणि डेव्हिड नावाच्या भावाने तिला घोड्यावर बसायला शिकवलं. वडील जुने सैनिक होते, ते तिला लढायांच्या गोष्टी सांगायचे. एवढं सगळं असून मुलगी मात्र कमालीची लाजाळू. चारचौघांत तोंड उघडायची नाही.

ती अकरा वर्षांची असताना डेव्हिड धान्याचं कोठार बांधताना छपरावरून खाली पडला आणि अंथरुणाला खिळला. पुढची जवळजवळ दोन वर्षं क्लारा त्याच्या उशाशी होती. औषधं देणं, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे अंगाला जळवा लावणं, रात्री जागणं, सगळं ती करायची. डेव्हिड पुढे ठणठणीत बरा झाला. ही गोष्ट वाचली तेव्हा मला ताई आणि आजी आठवल्या. पण क्लाराने त्यानंतर लगेच सेवेचं काम धरलं असं काही झालं नाही. त्याला आणखी पंचवीस-तीस वर्षं जायची होती.

मुलीच्या लाजाळूपणाचं काय करावं ते आईवडिलांना कळेना. त्या वेळी डोक्याचा आकार चाचपून स्वभाव सांगणारे लोक असायचे. तो प्रकार शास्त्र म्हणून केव्हाच बाद झाला आहे, पण अशाच एका गृहस्थाने सल्ला दिला की हिच्यावर जबाबदारी टाका, हिला शिक्षिका करा. निदान तो सल्ला तरी लागू पडला. सतराव्या वर्षी क्लारा शाळेत शिकवायला लागली. अंगाने लहानखुरी आणि वर्गात तिच्याहून उंच, आडदांड मुलं. पण ती मुलांबरोबर मैदानावर खेळायची आणि छडी न उगारता वर्ग ताब्यात ठेवायची. दहा वर्षांच्या वर तिने हेच काम केलं.

१८५२ मध्ये ती न्यू जर्सी राज्यात बॉर्डनटाउनला गेली. तिथे फी न घेणारी सार्वजनिक शाळा नव्हती आणि गरिबांची पोरं रस्त्यावर हिंडायची. क्लाराने शाळा काढली. पहिल्या दिवशी मुलं आली सहा. बघता बघता ती काहीशेवर गेली आणि गावाने नवी मोठी इमारत बांधली. पण नव्या इमारतीचा मुख्याध्यापक म्हणून नेमला एका पुरुषाला, आणि पगार दिला क्लाराच्या दुपटीहून जास्त! शाळा उभी केली हिने आणि हिला ठेवलं मदतनीस म्हणून. तिची तब्येत ढासळली, आवाज बसला. तिने राजीनामा दिला. तिचं पहिलं करिअर असं संपलं.

इथून पुढचा भाग आपल्या कॉलेजमध्ये सगळ्यांनी वाचावा असा. १८५४ मध्ये ती वॉशिंग्टनला आली आणि तिला नोकरी लागली ती कुठे, तर सरकारी पेटंट ऑफिसात. आपण फायनल इयरला ज्या पेटंटच्या गप्पा मारतो, त्यांची कागदपत्रं तेव्हा हाताने उतरवून काढली जायची. क्लाराचं अक्षर सुरेख आणि काम बिनचूक. वर्षाला १४०० डॉलर, म्हणजे पुरुष कारकुनाएवढाच पगार तिला मिळाला. सरकारी खात्यात बाईला असा पगार मिळणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. अर्थात ऑफिसातल्या पुरुषांना ते पचलं नाही. येता-जाता शेरे मारायचे, तोंडावर तंबाखूचा धूर सोडायचे. खात्याच्या मंत्र्यालाच बायका ऑफिसात नको होत्या, त्यामुळे पुढे तिची कारकुनी काढून घेऊन तिला नक्कल करण्याचं काम दिलं. दर १०० शब्दांना १० सेंट. १८५७ मध्ये सरकार बदललं आणि तेही गेलं. १८६० मध्ये लिंकन निवडून आल्यावर ती परत आली, पण नक्कल करायलाच.

म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षी क्लारा बार्टनचा बायोडेटा काय होता? माजी शिक्षिका, सध्या टेंपररी नक्कलनवीस. आमच्या मावशीने बघितला असता तर ही मुलगी सेटल झालीच नाही असं म्हणाली असती.

एप्रिल १८६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेलं अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. १९ एप्रिलला बाल्टिमोर शहरात जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या एका पलटणीवर हल्ला केला. तीच पलटण जखमी अवस्थेत रेल्वेने वॉशिंग्टनला पोचली आणि तिला उतरवलं संसद भवनात, सेनेटच्या सभागृहात. क्लारा बघायला गेली तर त्यात तिच्याच भागातली मुलं, काही तर तिच्या वर्गात शिकलेली. सामान लुटलं गेलेलं, अंगावर आहेत तेवढेच कपडे. ती घरी गेली, जुन्या चादरी फाडून टॉवेल आणि रुमाल केले, सुई-दोरा, साबण, खाण्याचे पदार्थ गोळा केले आणि परत आली. तिच्या दुसऱ्या आयुष्याची सुरुवात ही अशी झाली. ट्रेनिंग नाही, डिग्री नाही.

मग तिने मॅसॅच्युसेट्सच्या वर्तमानपत्रात आवाहन छापलं. गावोगावच्या बायकांनी पार्सलं पाठवायला सुरुवात केली. बँडेज, लोणची-मुरंबे, कपडे, मेणबत्त्या. एवढं सामान आलं की ठेवायला गोदामं घ्यावी लागली. पण क्लाराच्या लक्षात आलं की गरज वॉशिंग्टनमध्ये नाही, आघाडीवर आहे. जखमी माणूस तिथून शहरात येईपर्यंत निम्मा मेलेला असायचा. मात्र बाईने आघाडीवर जाणं हे तेव्हा लाजेचं मानलं जायचं आणि ती स्वतःही कचरत होती. १८६२ च्या सुरुवातीला तिचे वडील आजारी पडले. ती गावी जाऊन त्यांची सेवा करत राहिली. त्यांच्याशी ती या विषयावर बोलली. म्हाताऱ्या सैनिकाने मुलीला अडवलं नाही, जायला सांगितलं. मार्चमध्ये ते वारले.

लष्कराचे पास मिळवायला ऑफिसांचे जिने झिजवावे लागले. शेवटी ऑगस्ट १८६२ मध्ये परवानगी मिळाली आणि सीडर माउंटनच्या लढाईनंतर, मध्यरात्रीच्या सुमाराला, खेचरांच्या गाडीत सामान भरून ती लष्करी दवाखान्यापाशी हजर झाली. तिथल्या डॉक्टरकडची बँडेजं संपत आली होती.

पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, अँटिएटमची लढाई झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढी माणसं मेली-जखमी झाली असा दुसरा दिवस नाही. क्लाराने आपल्या गाड्या मुद्दाम तोफांच्या गाड्यांच्या मागे लावल्या होत्या, कारण लष्कराचं औषधपाणी मागून, उशिरा येतं हे तिला कळलं होतं. ती मक्याच्या शेताजवळच्या एका घरापाशी पोचली तेव्हा डॉक्टर जखमांवर मक्याची पानं बांधत होते! तिने बँडेजं उतरवली. एका जखमीला डोकं उचलून पाणी पाजत असताना गोळी आली, तिच्या बाहीला भोक पाडून गेली आणि तो माणूस तिच्या हातात मेला. दुसऱ्या एकाच्या गालात गोळी अडकली होती. डॉक्टर मोकळा नव्हता आणि त्याला वेदना सहन होईनात. क्लाराने खिशातल्या चाकूने ती गोळी काढली. जेवण संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की दारूच्या काही बाटल्या मक्याच्या पिठात पॅक करून आल्या आहेत. तिने त्या पिठाची पेज केली. रात्र झाली तेव्हा डॉक्टर हताश होऊन बसला होता, कारण त्याच्याकडे मेणबत्तीचा एक तुकडा उरला होता आणि शेकडो जखमी अंधारात पडले होते. क्लाराच्या गाडीत कंदील होते. तिने ते बरोबर आणले होते.

मला इथे थांबून विचार करावासा वाटला. ऑपरेशन करणारे डॉक्टर तिथे होते. त्यांच्याकडे नव्हता तो उजेड, पट्टी आणि पेज. आपण ज्याला वरकाम म्हणतो त्यावाचून डॉक्टरचे हात बांधले गेले होते. आणि कंदील आठवणीने बरोबर घेणं हे काही कोणाला वरून सुचत नाही. वीस वर्षं वर्ग आणि फायली सांभाळलेल्या बाईची ती सवय होती.

अँटिएटमनंतर ती तापाने फणफणली, बरी झाली, आणि डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला पुन्हा हजर. पुढे दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, मग व्हर्जिनियात. लष्कराच्या पगारपत्रकावर ती नव्हती. पेटंट ऑफिसातली जागा तिच्या नावावर राहिली आणि त्या पगारातला वाटा तिच्या बदली काम करणाऱ्याला जात होता.

१८६५ मध्ये युद्ध संपत आलं तसा एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. हजारो घरांत मुलगा परत आला नव्हता आणि मेल्याची खबरही नव्हती. आयांची पत्रं क्लाराकडे यायला लागली. लिंकनच्या संमतीने तिने वॉशिंग्टनच्या सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या आपल्या राहत्या खोल्यांतच बेपत्ता सैनिकांचं ऑफिस उघडलं. पद्धत अगदी साधी. राज्यवार नावांच्या याद्या करायच्या, छापून पोस्ट ऑफिसांत आणि पेपरात लावायच्या आणि कोणाला माहिती असेल त्याने कळवायचं. आलेल्या प्रत्येक पत्राची नोंद, प्रत्येकाला उत्तर. ६३,००० हून जास्त पत्रं तिने आणि तिच्या मोजक्या मदतनिसांनी हाताळली आणि सुमारे २२,००० माणसांचं काय झालं ते शोधून काढलं.

याच कामात तिला डोरेन्स अ‍ॅटवॉटर हा मुलगा भेटला. वय वीस, म्हणजे माझ्याएवढा! सोळाव्या वर्षी सैन्यात गेलेला, पकडला गेला आणि अँडरसनव्हिलच्या भयानक कैदी छावणीत पोचला. अक्षर चांगलं म्हणून त्याला मृतांची नोंद ठेवायला बसवलं. त्याने जिवावर उदार होऊन सगळ्या नावांची दुसरी नक्कल गुपचूप उतरवली आणि सुटताना लपवून बाहेर आणली. त्या यादीच्या जोरावर १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा, अ‍ॅटवॉटर आणि लष्कराची तुकडी अँडरसनव्हिलला गेली आणि जवळजवळ १३,००० कबरींवर नावाच्या पाट्या लागल्या. फक्त ४६० च्या आसपास कबरी अनोळखी राहिल्या.

दोन नक्कलनवीस! ज्या कामाला ऑफिसात १०० शब्दांना १० सेंट मिळत होते, त्याच कामामुळे हजारो घरांना आपला मुलगा कुठे पुरला आहे ते कळलं.

याचा अर्थ असा नाही की तिला काहीच भोगावं लागलं नाही. हे काम आणि व्याख्यानं यांनी ती इतकी थकली की १८६८ मध्ये भाषण करायला उभी राहिली आणि आवाजच फुटेना. विश्रांतीसाठी युरोपात गेली, तर जिनिव्हात रेड क्रॉसचे डॉ. अ‍ॅपिया भेटले आणि अमेरिकेने १८६४ च्या जिनिव्हा करारावर सही का केली नाही असं त्यांनी तिला विचारलं. तिने त्या कराराचं नावही ऐकलं नव्हतं. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशियाचं युद्ध पेटलं आणि विश्रांती बाजूला राहिली. स्ट्रासबर्गच्या उद्ध्वस्त शहरात तिने बायकांना नुसते कपडे वाटले नाहीत, शिवणकाम देऊन त्याचे पैसे दिले. अमेरिकेत परतल्यावर मात्र ती पूर्ण कोलमडली. काही वर्षं आजारपणात आणि खोल निराशेत गेली.

त्यातून उठून तिने मे १८८१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली. तेव्हा ती ५९ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने जिनिव्हा करार मान्य केला. युद्धच कशाला, पूर, आग, वादळ यांतही रेड क्रॉसने धावलं पाहिजे हा तिचा आग्रह होता आणि १८८४ च्या जिनिव्हा परिषदेत तो मान्य झाला.

सिव्हिलवाल्यांसाठी एक प्रसंग. ३१ मे १८८९ ला पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क हे मातीचं धरण फुटलं आणि खालचं जॉन्सटाउन गाव वाहून गेलं. २,२०९ माणसं मेली. धरण एका श्रीमंत क्लबच्या मालकीचं होतं. पाणी सोडायचे पाइप आधीच काढून भंगारात विकलेले, ते परत बसवलेच नव्हते, माथा थोडा उतरवलेला, आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या! ६७ वर्षांची क्लारा पाच दिवसांत तिथे पोचली आणि पाच महिने राहिली. बेघरांसाठी तात्पुरती निवासस्थानं बांधली, सामान वाटलं. काम संपल्यावर तिथलं लाकूड तिने फेकू दिलं नाही. मेरीलँडमध्ये ग्लेन एको इथे तिचं जे घर उभं राहिलं त्यात ते वापरलं.

१८९३ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या बेटांवर वादळ आलं तेव्हा सुमारे ३०,००० लोकांना, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय, तिच्या माणसांनी दहा महिने जगवलं. बियाणं दिलं, चर खणायला लावले, शेती पुन्हा उभी केली. १८९८ मध्ये क्यूबा, १९०० मध्ये गॅल्व्हेस्टनचं वादळ. तेव्हा ती ७८ वर्षांची होती.

आता तिची चूकही सांगायला हवी, नाहीतर लेख म्हणजे नुसती आरती होईल. क्लाराला कामं दुसऱ्यावर सोपवता येत नसत. संस्था वाढली तरी सगळं तिच्याच हातात. आणि पैशांचे हिशोब नीट ठेवलेले नसत. स्वतःचे आणि संस्थेचे पैसे एकमेकांत मिसळायचे. तिने पैसे खाल्ले असं कधी सिद्ध झालं नाही, उलट पदरचे घातले. पण हिशोब ते हिशोब. संस्थेतूनच टीका झाली, चौकशी लागली आणि १९०४ मध्ये, ८२ व्या वर्षी, तिला राजीनामा द्यावा लागला. ती घरी बसली का? नाही. पुढच्याच वर्षी प्रथमोपचार शिकवणारी नवी संस्था काढली. १२ एप्रिल १९१२ ला, टायटॅनिक बुडायच्या तीन दिवस आधी, ग्लेन एकोच्या त्याच घरात ती वारली. वय ९०.

सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या त्या खोल्या लोक विसरूनही गेले होते. १९९६ मध्ये पाडायला काढलेल्या त्या इमारतीत एका सरकारी कर्मचाऱ्याला माळ्यावर जुनी कागदपत्रं आणि क्लाराच्या ऑफिसची पाटी सापडली. इमारत वाचली आणि पुढे तिथे संग्रहालय झालं.

असो. मी ताईला फोन केला. समजवायला नव्हे, हे सगळं सांगायला. क्लाराच्या हिशोबाची गोष्ट ऐकून ती खूप हसली. पाच वर्षं तिने तेच केलं होतं ना! तिचा कोर्स झाला, आता ती एका हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर आहे. पगार आधीच्यापेक्षा कमी आहे आणि पाठ दुखते, हेही खरं. पण तिच्याकडे एक वही असते. कोणत्या बेडवरच्या पेशंटला किती वाजता कोणत्या कुशीवर वळवलं, किती पाणी पोटात गेलं, कोणाच्या घरून कोण येऊन गेलं, सगळं त्यात रकाने आखून लिहिलेलं. अकाउंट्सच्या वहीसारखंच. वॉर्डच्या सिस्टर आता ड्यूटी बदलताना तीच वही मागतात.

मावशीला मात्र मी अजून फोन केलेला नाही. हा अंक छापून आला की एक कॉपी पोस्टाने पाठवणार आहे. मराठीच्या चुका काढता काढता तरी ती शेवटपर्यंत वाचेल.